दायमाबादचा रथ आणि मोहेंजोदडोची गटारे

पापडी, वसई
२० सप्टेंबर २०२४

चि. मुक्ता,

तुझे पत्र आणि सोबतचा लेखाचा मसुदा, दोन्ही वाचले. पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांनी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकातून हडप्पा आणि मोहेंजोदडोची बातमी जगाला दिली, त्याला आज शंभर वर्षे होतात. या निमित्ताने दायमाबादवर मराठीत लिहावे असे तुला वाटले, याचा मला फार आनंद आहे. पण दायमाबादचा कांस्यरथ हाच हडप्पा संस्कृती महाराष्ट्रात पोचल्याचा सर्वांत मोठा पुरावा आणि म्हणून तीच आपल्या अभिमानाची जागा, हे जे तुझ्या लेखाचे सूत्र आहे ते मला पटत नाही. रथ अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण हडप्पाच्या लोकांचे मोठेपण अशा वस्तूंत शोधायला गेले की ते हातून निसटते. एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो माणसांनी मिळून पाळलेल्या नियमांत आणि रोजच्या देखभालीत ते मोठेपण होते. कारागिरी शाबूत राहूनही ते हरवू शकते, हेच दायमाबाद आपल्याला दाखवते. असे मी का म्हणते ते सविस्तर लिहिते.

आधी विटेपासून सुरुवात कर. हडप्पाकालीन विटेची जाडी, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १:२:४ असते. घराची वीट साधारण ७, १४ आणि २८ सेंटिमीटरची, तटाची त्याहून मोठी, पण प्रमाण तेच. शेकडो कोसांच्या अंतरावरच्या गावांत, निरनिराळ्या भट्ट्यांवर आणि निरनिराळ्या पिढ्यांत ते पाळले गेले. १९११-१२ साली पुरातत्त्वज्ञ देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोला गेले, तेव्हा तिथल्या विटा त्यांना इतक्या अलीकडच्या वाटल्या की हे अवशेष जेमतेम दोनशे वर्षांचे असावेत, असे त्यांनी ठरवले. तोच प्रकार वजनांचा. चर्ट दगडाची घनाकार वजने दुपटीदुपटीने चढत जातात: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. ही मापे सिंधूच्या काठापासून गुजरातच्या बंदरांपर्यंत एकच आहेत. मग पाणी. मोहेंजोदडोत ७०० च्या आसपास विहिरी असाव्यात, असा अंदाज अभ्यासक मिखाएल यान्सेन यांनी मांडला. घराघरातले सांडपाणी गल्लीतल्या विटांच्या गटारात जाई, गटारावर उचलता येतील अशा विटा किंवा दगडी फरश्या असत आणि ठरावीक अंतरावर गाळ बसायला खड्डे असत. पण मला यापेक्षाही बोलका वाटतो तो एक क्षुल्लक दिसणारा पुरावा. तिथले उत्खनक अर्नेस्ट मॅके यांना गटारांच्या कडेला ठिकठिकाणी वाळूचे आणि गाळाचे छोटे ढीग मिळाले. गटार उपसून काढलेला गाळ तिथेच टाकलेला होता. गटार बांधणे एकदाच होते, उपसणे मात्र वर्षानुवर्षे चालते. त्या ढिगांनी आपल्याला शहराच्या रचनेपलीकडची गोष्ट सांगितली आहे: तिथे कुणीतरी ठरल्या वेळी येत होते, फरशी उचलत होते आणि गाळ काढत होते.

आता दायमाबादकडे ये. नगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी हे पांढरीचे टेकाड १९५८ साली पुरातत्त्वज्ञ बोपर्डीकरांच्या नजरेस आले. पुढे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. अ. साळी यांनी तिथे उत्खनने केली. सर्वांत खाली सावळदा संस्कृतीचा थर, त्यावर साधारण इ.स.पू. २००० ते १८०० या काळातला उत्तर हडप्पा (म्हणजे उत्तरकालीन हडप्पा) थर आणि त्यावर क्रमाने दायमाबाद, माळवा आणि जोर्वे संस्कृतींचे थर. उत्तर हडप्पा थरात काय मिळाले ते नीट पाहा. मातीच्या भिंतींची घरे. सिंधू लिपीतली अक्षरे असलेल्या, बटणासारख्या दोन मातीच्या मुद्रा आणि अक्षरे कोरलेली काही खापरे. तांबड्या रंगाची सुबक भांडी. आणि एक दफन, ज्याचा खड्डा कच्च्या विटांनी बांधून काढला होता. त्या विटांचे प्रमाण पुन्हा तेच १:२:४. म्हणजे विटेचे माप प्रवरेपर्यंत आले, लिपीची ओळख आली, भांडी घडवणारा हात आला. पण विटांनी बांधलेली गटारे आली नाहीत, विहिरींनी भरलेले शहर आले नाही. त्याच शतकांत उत्तरेतही वजने, मुद्रा आणि लेखन वापरातून हळूहळू जात होते. दायमाबादच्या वरच्या थरांत तर अक्षर म्हणून काही उरलेच नाही. ज्या समाजाने विटेचे माप लक्षात ठेवले, त्याला शहर लक्षात ठेवता आले नाही. माप एका गवंड्याच्या स्मरणात राहू शकते. शहर मात्र अनेकांच्या एकत्रित सवयीतच राहते.

यावर तू पहिला आक्षेप घेशील तो कांस्यशिल्पांचा. १९७४ साली एका शेतकऱ्याला जमीन खणताना चार शिल्पे मिळाली: बैलजोडी जुंपलेला आणि वर माणूस उभा असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारही भरीव आणि मिळून सुमारे ६० किलो वजनाची. एवढे कांसे ओतणारा समाज दुबळा कसा म्हणायचा? उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला असा की ही शिल्पे उत्खननात, थराच्या संदर्भात मिळालेली नाहीत. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी ती उत्तर हडप्पा काळातली मानली. पण धातूत आर्सेनिकचे प्रमाण १ टक्क्याहून जास्त निघाले, इथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसे आढळत नाही, आणि म्हणून डी. पी. अगरवालांनी त्या काळाबद्दल शंका घेतली. वाद मिटलेला नाही. तुझा सारा लेख या रथावर उभा राहिला, तर तो अशा वादग्रस्त पायावर उभा राहील. दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. समज, ढवळीकरांचेच बरोबर आहे. मग तर माझे म्हणणे आणखी पक्के होते: असामान्य ओतकाम करणारा कारागीर आणि त्याला धातू पुरवणारा धनी दोघेही होते, तरीही सगळ्यांसाठीची व्यवस्था उभी राहिली नाही. उत्तम वस्तू घडायला एक प्रतिभावान माणूस आणि एक आश्रयदाता पुरतो. गल्लीचे गटार वाहते राहायला पुरी गल्ली लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकसारखी वजने आणि विटा ही कडक राजसत्तेची खूण नसेल कशावरून? त्यात संमती होती असे कसे म्हणता येईल? हा प्रश्न टाळून चालणार नाही. हडप्पाची शहरे समतेची नव्हती. धोळावीरेत बालेकिल्ला आहे, मोहेंजोदडोत लहान-मोठ्या घरांत फरक आहे, आणि ते गटार उपसणारे हात कुणाचे होते, त्यांना मोबदला काय मिळे, हे आपल्याला सांगणारी एकही ओळ वाचता येत नाही. सत्ता होतीच. पण सत्तेने आपले बळ कशावर खर्च केले, हे मात्र जमिनीत दिसते. त्याच काळात मेसोपोटेमियातल्या ऊर शहरी राजघराण्याच्या थडग्यांत सोने भरले जात होते आणि सेवकही पुरले जात होते. हडप्पाच्या शहरांत आजवर एकही असे थडगे नाही आणि निःसंशय राजवाडा म्हणावा अशी एकही वास्तू नाही. ज्याला आपण पुरोहित-राजा म्हणतो तो पुतळा जेमतेम साडेसतरा सेंटिमीटरचा आहे, आणि ते नावही उत्खनकांनी दिलेले आहे. तिथे मोठे बांधकाम कुठले, तर स्नानकुंड, जलाशय, तट, विहिरी आणि गटारे. हुकूम कुणाचाही असो, सामान्य गल्लीपर्यंत पोचलेली सोय हा त्या हुकमाचा हेतू सांगणारा पुरावा आहे.

तिसरा आक्षेप हवामानाचा. पाऊस कमी झाला, घग्गर नदीचे पाणी आटले, म्हणून शहरे ओस पडली. त्यात माणसांच्या सवयींचा काय दोष? दोष मी देतच नाही. पाणी आटल्यावर लोक पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पांगले, लहान गावांत राहू लागले, पावसाच्या मानाने पिके बदलू लागले, हे शहाणपणच होते. पण मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत मोठ्या घरांच्या आडोसे घालून लहान खोल्या झालेल्या दिसतात, बांधकामे गल्लीत सरकलेली दिसतात, भट्ट्या वस्तीत आलेल्या दिसतात आणि गटारांकडे दुर्लक्ष झालेले दिसते. लोक गेले त्याच्या आधीपासूनच एकत्र पाळायचे नियम सैल होत होते. आपत्ती बाहेरून आली, पण तिच्याशी सामना करण्याचे साधन आतून झिजत होते. दोन्ही कारणे एकमेकांना बळ देतात, एकाने दुसरे रद्द होत नाही.

असे काही गमावले की ते परत मिळायला किती वेळ लागतो, याचा हिशेब आपल्या तालुक्यातच आहे. सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. दायमाबादच्या मुद्रा आणि हा ब्राह्मीतला तुकडा यांत सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अवधीतला एकही लेख महाराष्ट्राच्या मातीने आजवर दिलेला नाही. मधली पिढ्यान् पिढ्यांची माणसे शेती करत होती, भांडी रंगवत होती, गात आणि बोलत होती. त्यांना कमी लेखायचे कारण नाही. जोर्वे काळात इनामगावी घोड नदीकाठी बांध आणि पाट काढल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. म्हणजे सहकाराची बुद्धी मेली नव्हती, ती गावाच्या मापाने पुन्हा रुजली. पण शहराच्या मापाने ती उभी राहायला फार मोठा काळ जावा लागला.

तू विचारशील, हे सगळे आज कशासाठी? वसईत हा प्रश्न फार जवळचा आहे. इथल्या पश्चिम पट्ट्यात वाड्यावाड्यांतून बावखले खणलेली होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, विहिरी गोड ठेवी आणि रहाटावर चढून केळीच्या, पानवेलीच्या बागांना पोचे. ती उपसायची, राखायची ही वाडीची शिस्त होती. वस्ती वाढत गेली तशी बरीच बावखले बुजली, नैसर्गिक नाले अरुंद झाले, आणि २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली. पाऊस तेव्हा अफाट होता, हे खरेच. पण पाण्याची वाट मोकळी ठेवणे हे सगळ्यांचे काम आहे ही जाणीव त्याआधीच पातळ झाली होती. मोहेंजोदडोच्या शेवटच्या थरांवरून आपल्याला शिकायचे असेल तर ते हेच आहे.

म्हणून, मुक्ता, माझी सूचना अशी. रथाचे छायाचित्र लेखात जरूर घाल, पण लेखाची सुरुवात त्या दफनातल्या कच्च्या विटांपासून कर. त्यांच्यातून वाचकाला दिसेल की सिंधूकाठचे एक माप प्रवरेपर्यंत आले. मग त्याला विचार, की मापाबरोबर काय आले नाही आणि का. महाराष्ट्राचा हडप्पाशी संबंध होता याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे; पण तो वारसा सांगायचा तर त्यातला कठीण भागही आपला म्हटला पाहिजे. नाल्यावर बांधकाम न करणे, बावखल बुजू न देणे, गाळ वेळेवर काढणे आणि तो काढणाऱ्याला मान आणि पुरेसे वेतन देणे, यांत आपण हडप्पाच्या लोकांचे वारस ठरतो की नाही ते कळेल. माझे म्हणणे जिथे पटणार नाही तिथे सडेतोड उत्तर लिही आणि सुधारलेला मसुदा पाठव.

तुझी,
आत्या