विहिरीतला काळा पट्टा आणि मंगळ

मुलांनो, तुम्ही कधी कोरड्या विहिरीच्या तळाशी उभं राहून वर पाहिलंय का? भाकरीएवढं आभाळ दिसतं आणि त्याच्या काठावर वाकलेली चार डोकी. ती डोकी माझ्याकडं अशी बघत होती, की जणू मी आता खिशातून पाणीच काढून दाखवणार होतो! तेव्हा मी आठवीत होतो.

आमचं शेत यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात. तालुक्याचं नाव केळापूर, पण कचेऱ्या सगळ्या पांढरकवड्याला. बाहेरचे पाहुणे हमखास गोंधळतात. केळापूर म्हटलं की लोकांना जगदंबेचं देऊळ आठवतं. आमच्या घरात मात्र त्या उन्हाळ्यात विहिरीशिवाय दुसरा विषय नव्हता. पंचवीस फूट खोदून झाली होती. मुरूम संपून काळा पाषाण लागला होता, सुरुंग लावावे लागत होते, आणि पाण्याचा पत्ता नव्हता. सुरुंग उडाला की दगडाची फिकट भुकटी उडायची आणि विहिरीच्या भिंतींवर पीठ भुरभुरल्यासारखी बसायची.

एका सकाळी त्या फिकट भिंतीवर एक काळा पट्टा दिसला. वर बोटाएवढा अरुंद, खाली येता येता पसरत गेलेला. मध्ये दगडाचं एक टोक पुढं आलं होतं, त्याला वळसा घालून गेलेला. अगदी पाणी झिरपल्यासारखा! बाबांचा चेहरा उजळला. मी सगळ्यांत हलका, म्हणून माझ्या कमरेला दोर बांधून मला खाली सोडलं.

"हात लावून पाय बरं बाबू, वल हाये का?" बाबा वरून ओरडले.

मी हात लावला. बोटांना कोरडी भुकटी लागली. पण दगड गार होता. मी वर पाहिलं. ती चार डोकी अजून वाकलेलीच होती. मी ओरडलो, "गार लागते, बाबा!"

हे खोटं नव्हतं. पण बाबांनी विचारलं होतं ते ओलीबद्दल, आणि त्याचं उत्तर माझ्या बोटांवर होतं. ते मी चड्डीला पुसून टाकलं.

तिसऱ्या दिवशी आडवं बोअर मारणारं मशीन आलं. पट्ट्याच्या जागी दोन भोकं पाडली. दोन्हींतून नुसती भुकटी आली. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे गेले. बाबा मला रागावले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "गार तं सावलीतला कोणताबी दगड असते." त्यापेक्षा एक चापट परवडली असती.

आता यात मंगळ कुठून आला, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी मंगळाच्या एका विवराचा फोटो पाहिला. आकाशातून मोठा दगड आदळून जो खळगा पडतो, ते विवर. आपल्याकडं लोणारचं आहे ना, तसं. त्या फोटोत विवराच्या आतल्या उतारावर काळे पट्टे होते. वर टोकदार, खाली पसरत गेलेले, उंचवट्याला वळसा घालणारे. मी दचकलोच. आमची विहीर!

फक्त तिथला पट्टा बोटाएवढा नसतो. काही पट्टे शंभर-दोनशे मीटर रुंद असतात आणि किलोमीटरभर किंवा त्याहूनही लांब जातात. व्हायकिंग यानं 1976 साली मंगळाभोवती फिरू लागली, त्यांच्या फोटोंत ते पहिल्यांदा दिसले. मग 1997 साली मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान तिथं पोचलं. त्यानं त्याच त्या जागांचे पुन्हा पुन्हा फोटो काढले, आणि गंमत अशी की आधीच्या फोटोत नसलेले पट्टे नंतरच्या फोटोत हजर! म्हणजे मंगळावर आजही काहीतरी घसरतंय, वाहतंय. ताजा पट्टा गडद असतो आणि वर्षानुवर्षांनी हळूहळू फिका होत जातो.

काय वाहतंय? तिथंही दोन तट पडले. काही शास्त्रज्ञ म्हणाले, धूळ. मंगळावरची धूळ आपल्या गव्हाच्या पिठाहून बारीक. तिचा वरचा फिकट थर घसरला की खालचा गडद भाग उघडा पडतो. काही म्हणाले, पाणी. मंगळावर हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आणि थंडी कडाक्याची, तेव्हा साधं पाणी टिकायचं नाही. पण खारं पाणी सहजासहजी गोठत नाही. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाला मीठ का घालतात ते आठवा.

हा वाद नुसता कागदावरचा नव्हता. पाणी असेल तर तिथं एखादा सूक्ष्म जीव असू शकतो, निदान आपल्या यानाबरोबर चुकून गेलेला जंतू तिथं तग धरू शकतो. म्हणून ओल असण्याची शंका असलेल्या जागेपासून यानांना लांब ठेवायचे नियम आहेत. म्हणजे पट्टा ओला की कोरडा, यावर यान कुठं उतरवायचं तेही ठरणार.

आणि मंगळावर कुणाला कमरेला दोर बांधून खाली सोडता येत नाही! हात न लावता कसं ओळखायचं?

व्हॅलेंटिन बिकेल आणि आदोमास वालांतिनास या दोघा शास्त्रज्ञांनी कसं केलं बघा. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचे 86,000 फोटो त्यांनी संगणकाला तपासायला दिले. पट्टा कसा ओळखायचा ते संगणकाला आधी शिकवलं होतं. त्यानं सुमारे पाच लाख पट्टे शोधून काढले! मग ते कुठं कुठं आहेत ते त्यांनी पाहिलं. पाणी असतं तर ऊन खाणारे उतार किंवा दमट जागा जास्त सापडायला हव्या होत्या. तसं काही दिसेना. उलट वारा जोराचा आणि धूळ जास्त बसते, तिथं पट्टे जास्त. नुकताच दगड आदळून नवं विवर पडलंय, त्याच्या आसपासही पट्टे होण्याचा संभव जास्त. जमीन हादरली, धूळ घसरली. 2025 च्या मे महिन्यात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सगळा पुरावा कोरड्या धुळीकडंच बोट दाखवतो, असं त्यात म्हटलंय. तो वाचताना मला आमच्या विहिरीतला सुरुंग ऐकू आला.

तुम्हाला घरी करून पाहायचं असेल तर जुनी काळी पाटी घ्या. तिच्यावर खडूची भुकटी चाळणीतून भुरभुरा. पाटी हळूहळू तिरकी करा आणि मागून टिचकी मारा. भुकटी घसरेल आणि खाली काळा पट्टा उघडा पडेल. आईला लांबून दाखवा आणि विचारा, ओलं आहे की कोरडं? (नंतर फरशी पुसायची तुम्हीच, माझं नाव सांगू नका.)

जाता जाता आणखी एक. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या गावांची नावं देतात. तिथं पूना आहे, भोर आहे, लोणारही आहे. केळापूर अजून नाही. कुणी मोठं होऊन सुचवलंत तर आमच्या गावाला पेढे वाटू.

मागच्या उन्हाळ्यात शेतावर गेलो होतो. त्या विहिरीला पुढं आणखी पंधरा फुटांवर, पलीकडच्या बाजूनं पाणी लागलं. काळा पट्टा तर केव्हाच पुसला गेला. पण ती दोन आडवी भोकं तशीच आहेत, त्यांत साळुंक्या राहतात. बाबा आता थकलेत. काठावर बसून मी त्यांना मंगळाचा फोटो दाखवला आणि खरं काय ते सांगितलं, की तेव्हा माझ्या बोटांना नुसती भुकटी लागली होती.

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले. "तुया चड्डीले लागली होती ना."