मचाणावरची पिशवी

आम्ही जयपूरला राहतो. वैशाखी पौर्णिमेला वनखाते पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजणी करते. गेल्या वर्षी झालानाच्या जंगलात २४ तास मचाणावर बसायची संधी आम्हा दोघांना मिळाली.

मी सहलीला निघाल्यासारखे सामान बांधले. थर्मास, स्टीलचे डबे, प्लॅस्टिकच्या पिशवीत चिवडा! सासरे तरुणपणी मचाणावरून शिकार करीत. १९७२ च्या कायद्याने ते बंद झाले. ते म्हणाले, ‘‘सूनबाई, मचाणावर ओझ्यापेक्षा आवाज नडतो.’’ मी हसण्यावारी नेले.

भर दुपारी एक नीलगाय पिल्लाला घेऊन पाण्याशी आली. नेमका तेव्हाच मी चिवड्याला हात घातला. पिशवी चुरचुरली अन् दोघेही पाणी न पिताच पळाले. वहीत नोंद झाली, पण रात्रभर मला ते तहानलेले पिल्लूच दिसत होते.

यंदा सासऱ्यांनी आपली जुनी खाकी पिशवी काढून दिली. चिवडा सुती फडक्यात बांधला, डब्यांमध्ये टॉवेल खोचले. आधी आम्ही चढलो, मग पिशवी दोरीने अलगद वर ओढली. दोरीची गाठ सासऱ्यांनीच शिकवली होती.

पहाटे खालून पाणी पिण्याचा आवाज आला. आम्ही श्वाससुद्धा जपून घेतला.