खेळ कोणता?

आमच्या सोसायटीत दर प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर जिलबी असते आणि जिलबीनंतर ज्येष्ठांच्या शर्यती. हा क्रम उलटा ठेवावा असं मी गेली चार वर्षं सुचवतोय. पण आमच्या कमिटीत सूचना ऐकून घ्यायची पद्धत आहे, अमलात आणायची नाही. तर यंदा लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मी दुसऱ्या क्रमांकावर असताना (धावणारे तिघेच होतो, हा तपशील गौण) वळणावर माझा उजवा गुडघा 'कट्' असा बोलला आणि मी मटकन खाली बसलो. लिंबू मात्र पडलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण घरी आल्यागेल्याला हकिगत सांगताना सौ. नेमका तेवढाच भाग गाळते.

महिनाभर तेल झालं, शेक झाला, शेजाऱ्यांचे सल्ले झाले. शेवटी भाच्यानं खेळातल्या दुखापतींच्या सर्जनची वेळ घेतली. आमच्या लहानपणी हाडांचा डॉक्टर म्हणजे हाडांचा डॉक्टर. हात मोडला तरी तोच आणि कंबर धरली तरी तोच. आता गुडघ्याचा निराळा, खांद्याचा निराळा आणि खेळताना बिघडलेल्या गुडघ्याचा त्याहून निराळा.

दवाखान्यात एक फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता, खेळ. 'खेळ' या रकान्यापाशी माझं पेन अडलं. खोटं लिहिणं स्वभावात नाही आणि खरं लिहायची छाती नव्हती. 'मैदानी' असं लिहून मोकळा झालो.

एमआरआयची पिशवी मी छातीशी धरून नेली होती. जवळजवळ सोन्याच्या भावानं घेतलेली वस्तू ती! डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली. आधी मला दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. मग आडवं करून, गुडघा वाकवून, दोन्ही हातांनी पोटरीचा वरचा भाग पुढं ओढला, मागं ढकलला. कपाटाचा जाम झालेला खण उघडतोय का, असं पाहावं तसं. (या तपासणीला वैद्यकातही खणाचंच नाव आहे, असं त्यांनीच सांगितलं.) पाच मिनिटं माझ्या पायाशी बोलून झाल्यावर त्यांनी पिशवी उघडली.

"गादी थोडी फाटलीय. वयानं फाटते. तुमच्या वयाच्या, काही न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले तरी कितीतरी जणांची अशीच दिसेल. ऑपरेशन नको."

माझा चेहरा पडला असावा. ऑपरेशन होणार म्हणून मी तिघाचौघांना कळवून बसलो होतो.

"दुर्बिणीनं सुद्धा नको?" मी चिकाटीनं विचारलं.

तेव्हा त्यांनी फिनलंडची गोष्ट सांगितली. तिथल्या पाच रुग्णालयांत अशीच वयानं गादी फाटलेली १४६ माणसं निवडली. दुर्बीण सगळ्यांच्या गुडघ्यात घातली. पण निम्म्यांचीच गादी कापली. बाकीच्यांच्या बाबतीत हत्यारांचे आवाज काढले, पाय हलवला, वेळही तेवढाच काढला आणि कापलं काहीच नाही. वर्षानं पाहावं तर दोन्हीकडची माणसं सारखीच बरी! २०१३ साली हे छापून आलं. आपल्याच धंद्याविरुद्धचा पुरावा इतक्या आनंदानं सांगणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. आमचा वाणी 'आज तूरडाळ चांगली नाही, नेऊ नका' असं कधी म्हणेल?

"पडून राहा. फिजिओ येऊन व्यायाम दाखवतील," म्हणून त्यांनी पडदा ओढला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. फिजिओ काही आले नाहीत. पँट मांडीपर्यंत वर केलेल्या अवस्थेत माणूस पडद्याबाहेर येऊन 'मी इथंच आहे हं' असं सांगू शकत नाही. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

सांगलीकडची कबड्डीपटू मुलगी होती. बरोबर वडील. चढाईत वळताना, कुणी धरलेलं नसताना, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेलं. ऑपरेशनला पाच महिने झालेले.

"आता अजिबात दुखत नाही, सर. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. उतरू ना?"

"नाही."

"न्हाई कसं?" वडील म्हणाले. "औंदा नॅशनलला जाऊन मेडल आणलं तर खेळाडूंच्या पाच टक्क्यांत नंबर लागंल तिचा. घरी आनि कुनाला नोकरी हाय?"

टेपनं मांड्या मोजल्याचा आवाज आला. ऑपरेशनची मांडी दोन सेंटिमीटर बारीक.

"मांडीच्या मागची दोरी काढून, हाडांत बोगदे पाडून, आत बसवलीय मी," डॉक्टर म्हणाले. "ती बसवल्यावर आधी कमजोर होते. तिच्यात रक्त खेळून ती मुरायला वर्ष लागतं. दुखायचं मात्र आधीच थांबतं. म्हणून तर भीती! नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही. तेव्हाही या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान नव्वद टक्के भरली तरच."

मग त्यांनी अमेरिकेतल्या टॉमी जॉनचं सांगितलं. बेसबॉलचा गोलंदाज. १९७४ साली कोपराचं लिगामेंट गेलं. डॉ. फ्रँक जोब यांनी मनगटाकडची दोरी काढून कोपरात बसवली आणि परत खेळण्याची आशा शंभरात एक, असं सांगितलं. गड्यानं १९७५ चा अख्खा मोसम बसून काढला, १९७६ ला उतरला, तो १९८९ पर्यंत खेळला.

आत शांतता. मग मुलगी म्हणाली,

"त्यांना भरतीला वयाची अट नव्हती ना, सर."

यावर डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, देतात परवानगी. मी असतो तर दिली असती. शिवाय वर शंभर रुपयेही दिले असते.

"मी खो-खो खेळायचो," ते म्हणाले. "एकोणिसाव्या वर्षी हेच तुटलं. आमच्या गावात प्लॅस्टर घातलं. सहा आठवड्यांनी काढलं, दुखत नव्हतं, उतरलो. तो माझा शेवटचा सामना." आणि थोडं थांबून, "नाही म्हणजे नाही. वर्षाचं काय करता येतं ते पाहू. पत्र लागलं तर मी लिहून देतो, पण चाचणी नाही."

मी पडल्यापडल्या हिशेब केला. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, त्यावर या गुडघ्या-खांद्यांचं आणखी एकदोन. खेळाडू निवृत्तीचं बोलायला लागतो त्या वयात हा माणूस कामाला लागला. आणि एवढं शिकून दिवसभर करतो काय, तर मला म्हणतो कापायचं नाही आणि तिला म्हणतो खेळायचं नाही. फी दोघांना सारखीच. (त्या दिवशी तिच्या वडिलांची घेतली नाही, असं काउंटरवर कळलं. माझी घेतली.)

मग दीड महिना मी मंगळवार-शुक्रवार फिजिओच्या हॉलमध्ये जात होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा अंक मोजायचे. पलीकडं ती मुलगी मशीनवर वजनं ढकलत असायची. चाचणी होऊन गेलेली होती. ती त्याबद्दल बोलली नाही, मीही विचारलं नाही.

"काका, पाठ उचलताय तुम्ही. नुसती मांडी आवळा," एकदा ती म्हणाली. मी आवळली.

"तुमचा गेम कोणता?"

का कोण जाणे, तिच्यापुढं 'मैदानी' म्हणवेना.

"लिंबू-चमचा."

ती हसली नाही.

"परत कधी उतरणार?"

"सव्वीस जानेवारीला."

"सरांना विचारलंत?"