भडक आणि खरे

जुना दूरचित्रवाणी संच बंद पडला तेव्हा आम्ही उभयतांनी जळगाव-धुळ्याची दुकाने पालथी घातली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आईंचे डोळे मनात होते. दुकानात भडक पडदाच आधी नजरेत भरतो : तिथल्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून प्रकाश आणि रंग वाढवलेले असतात, प्रक्षेपणाचा प्रमाण पांढरा सुमारे ६५०० केल्व्हिनचा, तर इथे त्याला निळी झाक दिलेली. आम्ही सर्व संचांवर ‘सिनेमा’ मोड आणि एकच बातमीपत्र लावायला सांगितले. निवेदिकेची कांती, केसांतल्या काळ्या छटा न्याहाळल्या. बातमीत केळीची बाग आली, तिचा हिरवा रंग खानदेशी नजरेने पारखला. अलंकारांच्या झगमगाटाने कविता मोठी होत नाही, हे वर्गात आम्हीच सांगतो. घेतला तो संच प्रथमदर्शनी सर्वांत फिका वाटलेला.