छाटलेले शब्द

तलासरीहून अच्छाडकडे जाताना महामार्गावरच्या हॉटेलांच्या पाट्या मराठी, गुजराती, इंग्रजी अशा तीन भाषांत दिसतात. एसटीच्या खिडकीशी बसलेला सहावीतला एक मुलगा त्या मोठ्याने वाचत जाई. इंग्रजीतल्या ‘व्हेज’ला तो ‘व्हेग’ म्हणे. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. नुकतंच ‘लेग’ शिकलेलं पोर दुसरं काय वाचणार? लोक हसत, सुधारत. कारण मात्र कुणी सांगत नसे.

कारण होतं. ‘व्हेजिटेबल’मध्ये जीच्या पुढे ई आहे, म्हणून तिथे ज. शब्द छाटताना ई गळाला, तोंडातला ज तसाच राहिला. ‘फ्रिज’ची गोष्ट उलटी. ‘रेफ्रिजरेटर’मध्ये डी नाहीच, पण छाटलेलं रूप कुणी ‘फ्रिग’ वाचू नये म्हणून ‘ब्रिज’च्या धर्तीवर डी आणि ई जोडले गेले. एका शब्दाने उच्चारासाठी स्पेलिंग बदललं, दुसऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही.

डहाणूला कॉलेजात गेल्यावर त्याला बाइकने गाठलं. ‘बायसिकल’मध्ये सी दोनदा येतो, एकदा स होऊन, एकदा क होऊन. इंग्रजीने छाटून ‘बाइक’ केलं आणि सीच्या जागी के लिहिला. मराठीने आधी ‘सायकल’ घेतली होती. ‘बाइक’ पुढे मोटरसायकलसाठी आली. एकाच शब्दाची दोन टोकं आता एकाच अंगणात उभी असतात.

तलासरी हा 1945च्या वारली उठावाचा मुलूख. इथल्या फलकांवर ‘कॉ. गोदावरी परुळेकर’ असं वाचत तो मोठा झाला. ‘कॉ.’ हे कॉम्रेडचं पहिलं अक्षर, स्वरासकट; ‘प्रा.’ आणि ‘डॉ.’ही तसेच. इंग्रजी ‘डॉक्टर’चा मात्र पहिला डी आणि शेवटचा आर घेते, मधला स्वर वाचणाऱ्याने आठवायचा. ‘रोड’चंही तेच, आर आणि डी. डहाणू रोड स्थानकाचा रेल्वे संकेत डी-आर-डी आहे. 2013मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि वसईच्या शाळेत शिकवायला जाताना ती अक्षरं त्याच्या रोजच्या पासावर आली.

आता तो आपल्याच तालुक्यात शिकवतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती, हे तो नव्या शिक्षकांना आवर्जून सांगतो. मूल जिथे उभं आहे तिथूनच शिकवायला हवं, यावर त्याची श्रद्धा आहे. ‘माइक’ची दोन्ही स्पेलिंगं तो फळ्यावर लिहितो: एक के आणि ई असलेलं, उच्चाराला धरून, दुसरं सीवर संपणारं, ‘मायक्रोफोन’च्या स्पेलिंगला धरून. दुसरं हल्ली जास्त चालतं आणि मुलं ते हमखास ‘मिक’ वाचतात. तोंडी परीक्षेत तो त्याचे गुण कापत नाही. असं का वाचलंस, एवढंच विचारतो आणि मुलाचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबतो.