मृत संवर्ग

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत लग्न जमविताना ‘मुलगा सरकारी शाळेत मास्तर आहे’ एवढे सांगितले की पुरे होत असे. आमचे वडील असेच मास्तर. पगार बेताचा, परंतु निवृत्तिवेतनाचा भरवसा मोठा. त्या भरवशावरच आम्ही पदवीधर होऊन राज्य शासनाच्या सेवेत लागलो.

पुढे काळाने आमच्या हाती निराळेच काम दिले. १९९० नंतरच्या दशकात मध्य प्रदेशात नियमित सहायक शिक्षकांची भरती थांबली. पंचायतींनी नेमलेले शिक्षाकर्मी आले. १९९७ च्या शिक्षा गारंटी योजनेत महिना ५०० रुपयांवर ‘गुरुजी’ आले. २००१ मध्ये संविदा शिक्षक आले. वडिलांचा संवर्ग सरकारी भाषेत ‘मृत संवर्ग’ ठरला. दूरच्या वस्त्यांत शाळा पोहोचल्या, हे खरे. म्हणूनच नस्तीवर ‘खर्चात बचत’ असे लिहिताना आमचा हात अडखळला नाही.

एका शिक्षाकर्मीने विचारले होते, “साहेब, मी शिकवतो ती बाराखडी अर्धी आहे काय?” आम्ही नियम दाखविला. २००७ मध्ये अध्यापक संवर्ग झाला. शालेय शिक्षण विभागात सामावले जाण्यास २०१८ उजाडले. तोवर त्यांची उमेद सरली होती.

आता आमची पुतणी अतिथी शिक्षिका आहे. सत्र संपले की नेमणूक संपते. स्थळाकडची मंडळी विचारतात, “नोकरी पक्की आहे ना?” वडीलधारे म्हणून उत्तर आम्हीच द्यायचे असते. त्या वेळी आमचीच टिपणी आम्हांला आठवते.