हातभर नळी

होडीच्या पिछाडीला टांगलेले इंजिन सुरू झाले, म्हणजे काठावरच्या मुलांची नजर त्याच्या मागे उसळणाऱ्या फेसाकडे जाते. टाकीपासून इंजिनापर्यंत गेलेल्या काळ्या रबरी नळीकडे मात्र कोणाचेही लक्ष नसते. तिला ना आवाज, ना चकाकी. परंतु इंजिनाचा प्राण तिच्यातूनच वाहत असतो.

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात असे इंजिन विक्रीस आणले. त्या काळी टाकी इंजिनावरच बसविलेली असे आणि इंधन आपल्याच भाराने खाली उतरे. पुढे अधिक इंधन नेता यावे म्हणून टाकी होडीत वेगळी ठेवली जाऊ लागली. तेव्हापासून दोघांना जोडण्याचे काम या नळीकडे आले. आज कोकणच्या खाड्यांतील लहान होड्यांवरही अशी इंजिने दिसतात.

नळीच्या वाटेवर अंड्याच्या आकाराचा एक रबरी फुगा असतो. त्याच्या झडपा इंधनाला पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत. म्हणून फुग्यावरील बाण नेहमी इंजिनाकडे असावा लागतो. फुगा दाबता दाबता कडक झाला, की इंधन पोचले असे समजावे. नंतर इंजिनाचा पंप ते स्वतःच ओढून घेतो.

ओढण्याच्या या क्रियेतच खरी मेख आहे. नळीला बारीक चीर पडली, तरी पुष्कळदा पेट्रोलचा थेंबही बाहेर येत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. मग सावकाश चालणारे इंजिन वेग वाढविताच धापा टाकू लागते. अडाणी मनुष्य इंजिनाला दूषणे देतो. जाणता तांडेल फुगा दाबून पाहतो. दाबताच इंजिन सावरले, तर दोष इंधनाच्या वाटेत किंवा पंपात आहे, हे तो ओळखतो. फुगा चपटा होऊन तसाच राहिला, तर टाकीकडील वाट तुंबली असेल, किंवा टाकीच्या झाकणावरचे हवेचे छिद्र उघडावयाचे राहिले असेल.

ऊन आणि वय ही नळीला हळूहळू झिजवितात. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. भारतात पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोचले. जुन्या इंजिनांच्या नळ्या अशा इंधनासाठी बनविलेल्या नव्हत्या. त्यांचे रबर सुजते, मऊ पडते, आतले अस्तर सुटते. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून कोंडलेली असते, आणि सुटलेले कण कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात.

म्हणून दक्ष नावाडी इंजिन थंड असताना, जवळपास विस्तव नसताना, सगळी नळी बोटांनी चाचपतो. ती वाकवून भेगा पाहतो. कुठे चिकट, कडक वा सुजलेली तर नाही, हे तपासतो. टोकांचे पट्टे आवळतो. खराब नळीला चिकटपट्टी गुंडाळून तो वेळ मारून नेत नाही, किंवा बागेतली पाण्याची नळी तिच्या जागी लावत नाही. इथेनॉल सोसणारी, इंधनासाठीच बनविलेली नवी नळी तो बसवितो.

हा चोखंदळपणा व्यर्थ नव्हे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडले, तर प्रवाह होडीला समुद्राकडे ओढतो. नळीतून पेट्रोल गळू लागले, तर त्याची वाफ हवेहून जड असल्याने होडीच्या तळाशी साचते. तेथे एक ठिणगीही पुरे होते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला निदान पायांखाली जमीन असते. भर पाण्यात नळी शोधणाऱ्याला तीही नसते. होडी पाण्यात लोटण्यापूर्वीची ती चार मिनिटे नावाड्याला परत घरी आणतात.